व्हिडिओ संकलनाची यंत्रसामग्री व कार्यपद्धती

व्हिडिओ संकलन म्हणजे चित्रित केलेल्या दृश्यांतून योग्य भाग निवडणे, त्यांचा क्रम व लांबी निश्चित करणे आणि ध्वनी, रंग व अक्षरांकन यांची जोड देऊन सलग कृती सिद्ध करणे होय. हे काम करणाऱ्या व्यक्तीस संकलक म्हणतात. व्यावसायिक संकलनासाठी संगणक, साठवणसाधने, पडदा, ध्वनिवर्धक इत्यादी यंत्रसामग्री लागते. चित्रीकरणानंतर कॅमेऱ्यातील कार्ड रिकामे करण्यापासून अंतिम प्रत सुपूर्द करण्यापर्यंतच्या कामाच्या ठरावीक क्रमास कार्यपद्धती असे म्हणतात. या दोन्ही बाबी परस्परांवर अवलंबून आहेत. कार्यपद्धती आधी ठरली नसेल, तर महागडा संगणकही अडखळतो. ती नीट ठरली असेल, तर मध्यम क्षमतेच्या संगणकावरही मोठे काम पार पाडता येते.

यंत्रसामग्रीची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्रसामग्रीचे स्वरूप, अंतिम प्रत जेथे दाखवली जाणार ते माध्यम आणि मूळ चित्रीकरण सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था.

इतिहास

चित्रपटाच्या आरंभीच्या काळात संकलक फिल्मची पट्टी हातात धरून, उजेडापुढे पाहून कापत असत. इवान सेरुरिये यांनी तयार केलेले मुव्हिओला हे यंत्र १९२४ पासून संकलनासाठी वापरात आले. त्यामुळे फिल्म चालती ठेवून पाहणे आणि नेमक्या जागी थांबवणे शक्य झाले. पुढे स्टीनबेक या जर्मन बनावटीच्या मेजासारख्या आडव्या यंत्रांचा प्रसार झाला. भारतातील चित्रपटसृष्टीतही ही दोन्ही यंत्रे दीर्घकाळ वापरली गेली.

फिल्मच्या काळातील एक रीत आजच्या कार्यपद्धतीचा पाया मानता येईल. कॅमेऱ्यातील मूळ निगेटिव्ह संकलक कापत नसे. तिच्यावरून काढलेल्या कामापुरत्या प्रतीवर सर्व काटछाट होई. संकलन कायम झाल्यावर फिल्मच्या कडेला छापलेल्या क्रमांकांच्या आधारे निगेटिव्ह एकदाच कापली जाई. कामाच्या प्रतीवर ओरखडे पडले, ती दहा वेळा जोडली गेली, तरी मूळ निगेटिव्ह अबाधित राही.

१९७१ साली सीबीएस आणि मेमोरेक्स या कंपन्यांच्या भागीदारीतून सीएमएक्स ६०० ही यंत्रणा तयार झाली. कोणत्याही दृश्यावर थेट जाता येणारी ही पहिली संगणकीय संकलन यंत्रणा मानली जाते. तिच्या चकत्यांवरील चित्र कृष्णधवल व निकृष्ट असे. संकलनाचे निर्णय त्यावर घेतले जात आणि नंतर ते मूळ टेपवर अमलात आणले जात. ॲव्हिड कंपनीची मीडिया कंपोजर ही प्रणाली १९८९ साली बाजारात आली. तीतही आरंभी चित्राचा दर्जा केवळ निर्णय घेण्यापुरता होता. दुय्यम प्रतीवर केलेल्या अशा कामास ‘ऑफलाइन’ आणि मूळ प्रतीवरील अंतिम कामास ‘ऑनलाइन’ संकलन म्हणण्याची प्रथा पडली. या संज्ञांचा इंटरनेटशी संबंध नाही.

अडोबी प्रीमियर १९९१ साली, तर ॲपलचे फायनल कट प्रो १९९९ साली प्रसिद्ध झाले. संकलक वॉल्टर मर्च यांना ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटासाठी संकलनाचे ऑस्कर मिळाले. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटास हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’ (२००३) हा मोठ्या खर्चाचा चित्रपट फायनल कट प्रोवर संकलित केला. सर्वसामान्यांना विकत घेता येईल अशा संगणकावर व सॉफ्टवेअरवर पूर्ण लांबीचा चित्रपट संकलित होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले. ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने २००९ साली दा विंची ही रंगसंस्करणातील कंपनी विकत घेतली. तिच्या दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये पुढे संकलन व ध्वनिमिश्रणाचीही सोय झाली. केडेनलाइव्ह हे मुक्त सॉफ्टवेअरही उपलब्ध आहे.

चित्रसामग्रीचे स्वरूप

बिटदर व साठवण

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक वेगाने दाखवलेल्या स्थिर चित्रांची मालिका होय. या प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. भारतात दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेम, तर चित्रपटगृहासाठी सामान्यतः २४ फ्रेम हा दर वापरतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर संगणकास प्रत्येक फ्रेम वाचून, उलगडून पडद्यावर आणण्यासाठी केवळ ४० मिलिसेकंद मिळतात.

पूर्ण एचडी फ्रेममध्ये १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. यूएचडी फ्रेममध्ये (जिला बोलीभाषेत ‘फोर-के’ म्हणतात) ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८२.९ लाख बिंदू असतात. एका बिंदूसाठी सरासरी २० बिट धरल्यास यूएचडीची कोणतेही संक्षेपण न केलेली एका तासाची चित्रसामग्री सुमारे १.८७ टेराबाइट भरते. एवढी माहिती साठवणे व हाताळणे अवघड असल्याने तिचे संक्षेपण करतात. संक्षेपण करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीस कोडेक म्हणतात.

दर सेकंदाला किती बिट खर्च होतात, यास बिटदर म्हणतात. कॅमेऱ्याचा बिटदर मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर डिस्कचा वेग मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट असल्याने या दोन आकड्यांची गल्लत झाल्यास अंदाज आठपटींनी चुकतो. १०० मेगाबिट बिटदराच्या चित्रसामग्रीस सेकंदाला १२.५ मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते.

कोडेकचे दोन प्रकार

संकलनाच्या दृष्टीने कोडेकचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे संक्षेपित केलेली असते. ॲपलचा प्रोरेस (२००७) आणि ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी (२००४) हे या प्रकारचे कोडेक आहेत. दुसऱ्या प्रकारात काही फ्रेम तेवढ्या पूर्ण साठवतात आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्या व नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा नोंदवतात. एच.२६४ (२००३) आणि एचईव्हीसी (२०१३) हे कोडेक मोबाइल फोनमध्ये व बहुतेक लहान कॅमेऱ्यांत मुख्यतः याच रीतीने वापरले जातात.

दुसऱ्या प्रकारात फाइल लहान राहते, परंतु कोणतीही एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकास तिच्या शेजारच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. सलग पाहताना हे जाणवत नाही. संकलक मात्र पुढे-मागे सरकतो, मध्येच थांबतो, उलटे चालवतो. अशा वेळी संगणकावरील भार अनेकपटींनी वाढतो. यूएचडी, २५ फ्रेम या दराने प्रोरेस ४२२ चा बिटदर सुमारे ४९२ मेगाबिट असतो. त्याच दराने अनेक लहान कॅमेरे एच.२६४ मध्ये १०० मेगाबिटवर चित्रण करतात. प्रोरेसची फाइल जवळजवळ पाचपट मोठी असूनही संकलनात ती अधिक हलकी वाटते, याचे कारण हेच होय. पहिल्या प्रकारात भार मुख्यतः डिस्कवर पडतो, तर दुसऱ्या प्रकारात प्रोसेसरवर.

रंगाची खोली

८ बिट चित्रात प्रत्येक रंगघटकाच्या २५६, तर १० बिट चित्रात १०२४ छटा असतात. रंगसंस्करण करताना ८ बिट चित्रातील आकाश, भिंत अशा एकसारख्या पृष्ठभागांवर पट्टे उमटण्याची शक्यता अधिक असते. रंगाची माहिती किती प्रमाणात राखली आहे हे ४:२:२, ४:२:० अशा गुणोत्तरांनी दाखवतात. संगणक घेताना ही बाब महत्त्वाची ठरते. अनेक ग्राफिक्स कार्डांतील उलगडणी-यंत्रणा ४:२:० साठी उपयोगी पडते, परंतु १० बिट ४:२:२ एच.२६४ साठी उपयोगी पडत नाही. परिणामी तोच संगणक एका कॅमेऱ्याची चित्रसामग्री सहज चालवतो आणि दुसऱ्याची चालवताना अडखळतो.

यंत्रसामग्री

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड

प्रोसेसरकडे मुख्यतः फाइल उलगडणे, पुन्हा संक्षेपित करणे आणि सर्व कामाचे नियोजन ही कामे असतात. ग्राफिक्स कार्ड रंगसंस्करण, चित्राचा आकार बदलणे, गोंगाट कमी करणे व दृश्य परिणाम यांचा भार उचलते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत, एनव्हिडियाच्या कार्डांत आणि ॲपलच्या २०२० नंतरच्या स्वनिर्मित प्रोसेसरांत कोडेक उलगडण्याचे स्वतंत्र भाग असतात. ॲपलने २०२१ मधील एम१ प्रो व एम१ मॅक्स या प्रोसेसरांत प्रोरेससाठीही असा भाग दिला. संगणकाची निवड करताना प्रोसेसरच्या वेगाइतकेच, वापरात असलेल्या कॅमेऱ्याचा कोडेक या भागास वाचता येतो की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

ग्राफिक्स कार्डाची स्वतःची स्मृती अपुरी पडल्यास सॉफ्टवेअर मंदावते किंवा काम अर्धवट सोडते. यूएचडी रंगसंस्करणासाठी साधारणतः ८ गिगाबाइट किंवा त्याहून अधिक स्मृती असलेले कार्ड घेतात. संगणकाची रॅम एचडी कामासाठी १६, यूएचडीसाठी ३२ आणि दृश्य परिणामांच्या कामासाठी ६४ गिगाबाइट असावी, असा ढोबळ संकेत आहे.

साठवणसाधने

साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० ते २५० मेगाबाइट, साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५० मेगाबाइट आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी काही हजार मेगाबाइट या वेगाने माहिती देते. हार्ड डिस्कचा हा वेग सलग वाचनाचा असतो. एकाच वेळी अनेक फाइल वाचाव्या लागल्या, की तो बराच घटतो.

व्यवहारात कामाचे तीन थर करतात. चालू कामाच्या फाइल जलद एसएसडीवर ठेवतात. मूळ चित्रसामग्री मोठ्या हार्ड डिस्कवर किंवा डिस्कसमूहावर ठेवतात. काम संपल्यावर सर्व काही दीर्घकालीन साठ्यात हलवतात. अनेक संकलक एकत्र काम करत असल्यास जाळ्यावरील सामाईक साठा वापरतात. साध्या १ गिगाबिट जाळ्यातून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट मिळतात. एकाहून अधिक जणांच्या यूएचडी कामास ते कमी पडते, म्हणून १० गिगाबिट जाळे उभारतात.

पडदा व ध्वनी

संकलकाचा पडदा चुकीचा रंग दाखवत असेल, तर त्यावर केलेले सर्व रंगसंस्करण चुकते आणि ती चूक संकलकाच्या लक्षात येत नाही. एचडी दूरचित्रवाणीसाठी आरईसी ७०९ आणि चित्रपटगृहासाठी डीसीआय-पी३ ही रंगक्षेत्रे वापरतात. पडदा मोजणी-यंत्राने ठरावीक काळाने जुळवून घेणे आणि खोलीतील उजेड कमी व स्थिर ठेवणे आवश्यक असते. डोळा सभोवतालच्या रंगाशी जुळवून घेत असल्याने वेव्हफॉर्म व व्हेक्टरस्कोप या आलेखांचाही आधार घेतात. ध्वनीसाठी सपाट प्रतिसाद देणारे ध्वनिवर्धक आणि शक्य तितकी प्रतिध्वनिरहित खोली लागते.

वीज व हवामान

वीज अचानक गेल्यास लिहिली जात असलेली फाइल आणि कधी कधी संपूर्ण डिस्क बिघडू शकते. भारनियमन किंवा वारंवार खंडित होणारा पुरवठा असलेल्या भागात संगणक, बाहेरील डिस्क आणि जाळ्याची उपकरणे ही सर्व यूपीएसवर असावी लागतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतात, त्यामुळे दीर्घ एक्स्पोर्टचा वेळ वाढतो. कोकण व गोव्याच्या दमट हवेत जुन्या टेप व फिल्म यांवर बुरशी धरते. त्या कोरड्या जागी ठेवाव्या लागतात.

कार्यपद्धती

चित्रसामग्री उतरवून घेणे

कॅमेऱ्यातील कार्डावरील संपूर्ण रचना, म्हणजे सर्व फोल्डर व नोंदी, जशीच्या तशी उतरवतात. केवळ व्हिडिओ फाइल उचलल्यास टाइमकोड व अन्य माहिती गहाळ होऊ शकते. प्रत बरोबर झाली की नाही हे चेकसमने पडताळतात. चेकसम म्हणजे फाइलमधील सर्व माहितीवरून गणिताने काढलेली एक ओळखसंख्या होय. मूळ फाइलची व प्रतीची ही संख्या सारखी आली, तरच प्रत बिनचूक मानतात. किमान दोन स्वतंत्र डिस्कवर पडताळलेली प्रत तयार झाल्याशिवाय कार्ड पुसत नाहीत.

प्रॉक्सी

मूळ चित्रसामग्रीवरून काढलेल्या कमी आकाराच्या, सहज चालणाऱ्या फाइलना प्रॉक्सी म्हणतात. फिल्मच्या काळातील कामाच्या प्रतीचे हे आजचे रूप होय. संकलन प्रॉक्सीवर करतात आणि अंतिम टप्प्यात सॉफ्टवेअर त्यांच्या जागी मूळ फाइल जोडते. फाइलचे नाव, टाइमकोड, फ्रेमदर आणि ध्वनिवाहिन्यांची संख्या दोन्हीकडे सारखी असणे ही यासाठीची अट आहे. फाइलची नावे मध्येच बदलल्यास ही जोडणी तुटते.

प्रॉक्सीचा लाभ उदाहरणाने स्पष्ट होतो. तीन तासांच्या मराठी नाटकाचा प्रयोग चार कॅमेऱ्यांनी यूएचडीमध्ये, १०० मेगाबिट एच.२६४ या रूपात चित्रित केला, असे समजू. एकूण चित्रसामग्री १२ तासांची आणि ५४० गिगाबाइटची होते. संकलकास चारही कोन एकाच वेळी पडद्यावर पाहून निवड करायची असते. त्यासाठी चार फाइल एकदम उलगडाव्या लागतात आणि मध्यम संगणक येथे थांबतो. हीच सामग्री यूएचडी प्रोरेस ४२२ मध्ये बदलल्यास सुमारे २.६६ टेराबाइट जागा लागते. शिवाय चार कोनांसाठी सेकंदाला सुमारे २४६ मेगाबाइट वेग लागतो, जो एका साध्या हार्ड डिस्ककडून भरवशाने मिळत नाही. याउलट एचडी आकाराच्या प्रोरेस प्रॉक्सीचा बिटदर सुमारे ३८ मेगाबिट असतो. बारा तासांच्या प्रॉक्सी सुमारे २०५ गिगाबाइटमध्ये मावतात आणि चार कोन एकत्र चालवण्यास सेकंदाला २० मेगाबाइटही लागत नाहीत. यंत्र न बदलता केवळ पद्धत बदलल्याने काम शक्य होते. प्रॉक्सी तयार करण्यास लागणारा वेळ हा त्याचा मोबदला होय. बहुधा हे काम रात्री संगणकावर सोपवतात.

रंगाचा किंवा चित्राच्या सूक्ष्म स्पष्टतेचा निर्णय प्रॉक्सीवर घेता येत नाही. फोकस किंचित चुकलेले दृश्य लहान प्रतीत खपून जाते आणि मोठ्या पडद्यावर उघडे पडते. म्हणून निवडलेली दृश्ये मूळ आकारात एकदा तपासतात.

फ्रेमदर

प्रकल्पाचा फ्रेमदर आरंभीच ठरवावा लागतो, कारण तो नंतर बदलणे कठीण असते. २५ फ्रेमने केलेला १०० मिनिटांचा चित्रपट २४ फ्रेमने दाखवल्यास तो सुमारे १०४ मिनिटे १० सेकंदांचा होतो आणि ध्वनीची पट्टी सुधारून घ्यावी लागते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिव्यांच्या उजेडात ३० फ्रेमने केलेल्या चित्रणात लुकलुक दिसू शकते. मोबाइल फोन अनेकदा बदलत्या फ्रेमदराने चित्रण करतात. अशी फाइल तशीच वापरल्यास दीर्घ मुलाखतीत ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ हळूहळू सुटतो. ती आधी स्थिर फ्रेमदरात बदलून घेतात.

संकलन कायम करणे व पुढील टप्पे

कच्चे संकलन, सुधारित संकलन आणि कायम संकलन असे टप्पे सर्वसाधारणपणे मानतात. संकलन कायम झाल्यावर दृश्यांची लांबी बदलत नाहीत, कारण त्यानंतर ध्वनी, पार्श्वसंगीत, रंग व दृश्य परिणाम यांची कामे वेगवेगळ्या ठिकाणी समांतर चालतात. संकलनाचे निर्णय ईडीएल, एक्सएमएल किंवा एएएफ या स्वरूपांतील फाइलद्वारे दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे पाठवतात. या फाइलमध्ये चित्र नसून कोणत्या फाइलमधील कोठून कोठपर्यंतचा भाग घ्यायचा, याची यादी असते. तिच्या आधारे मूळ फाइल पुन्हा जुळवण्याच्या क्रियेस कन्फॉर्म म्हणतात.

अंतिम प्रत

चित्रपटगृहासाठी डीसीपी हे स्वरूप वापरतात. त्यात प्रत्येक फ्रेम जेपीईजी २००० पद्धतीने स्वतंत्रपणे संक्षेपित केलेली असते आणि बिटदराची नेहमीची मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट असते. दूरचित्रवाणी वाहिन्या चित्राचे स्वरूप व ध्वनीची पातळी यांविषयी स्वतःचे नियम घालून देतात. युरोपातील ईबीयू आर १२८ या प्रमाणानुसार ध्वनीची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस असते. हे नियम काम सुरू होण्यापूर्वी लेखी मागवून घेतात. प्रत तयार झाल्यावर ती आरंभापासून अखेरपर्यंत एकदा सलग पाहिली जाते.

देवनागरी अक्षरांकन व उपशीर्षके

मराठी व्हिडिओंमध्ये श्रेयनामावली, नावपट्ट्या व उपशीर्षके यांची विशेष काळजी घ्यावी लागते. संकलनाची काही सॉफ्टवेअर मूळ मांडणीत जोडाक्षरे व वेलांट्या तोडून दाखवतात. अडोबी प्रीमियरमध्ये यासाठी अक्षरांकनाच्या पसंतींत दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, म्हणून उपशीर्षकांच्या फाइल यूटीएफ-८ या संकेतनात साठवतात.

निवडलेल्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ आहेत का, तसेच ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ नीट उमटतात का, हे तपासावे लागते. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे भिन्न शब्द आहेत. फाँटमधील दोषाने पहिल्याच्या जागी दुसरा वाचला गेला, तर गुरूचा स्वयंपाकी होतो. अंतिम प्रतीत अक्षरे चित्रातच मिसळलेली असल्याने अशी चूक दुरुस्त करण्यासाठी तो भाग पुन्हा तयार करावा लागतो.

राखीव प्रती

संकलन बिघडले तर पुन्हा करता येते. चित्रीकरण मात्र बहुधा पुन्हा करता येत नाही. लग्नसोहळा, नाटकाचा अखेरचा प्रयोग, वृद्ध कलावंताची मुलाखत यांची मूळ सामग्री गमावल्यास त्यावर उपाय नसतो. त्यामुळे राखीव प्रतींचा, म्हणजेच बॅकअपचा, खर्च यंत्रसामग्रीच्या मूळ अंदाजातच धरतात.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ नियम या क्षेत्रात सर्वमान्य आहे. त्यानुसार तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी ठेवतात. वरील नाटकाच्या उदाहरणात ५४० गिगाबाइटच्या तीन प्रतींना १.६२ टेराबाइट जागा लागते. रेड पद्धतीचा डिस्कसमूह एखादी डिस्क निकामी झाली तरी काम चालू ठेवतो, परंतु त्यास राखीव प्रत म्हणता येत नाही. चुकून पुसलेली फाइल त्यातील सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते; आग किंवा चोरी झाल्यास सर्व डिस्क एकत्रच जातात.

या संदर्भात दोन घटना उल्लेखनीय आहेत. ‘टॉय स्टोरी २’ या ॲनिमेशनपटाच्या निर्मितीदरम्यान १९९८ साली एका चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या बहुतेक फाइल पुसल्या गेल्या आणि राखीव प्रतीही सदोष असल्याचे आढळले. तांत्रिक पर्यवेक्षिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे बराच भाग परत मिळाला. राखीव प्रत घेतली जात आहे एवढे पुरेसे नसते, ती अधूनमधून उघडून पाहावी लागते, हे या घटनेतून दिसते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठवणगृहाला आग लागून भारतीय राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या सामग्रीचाही समावेश होता. ज्या चित्रपटांच्या प्रती इतरत्र काढून ठेवल्या होत्या, ते मागे उरले.

दीर्घकालीन साठ्यासाठी एलटीओ या चुंबकीय टेपचा वापर होतो. एलटीओ-८ टेपची क्षमता १२ टेराबाइट, तर एलटीओ-९ ची १८ टेराबाइट आहे. टेप स्वस्त असली तरी तिचे यंत्र महाग असते आणि नवे यंत्र फार जुन्या पिढीची टेप वाचू शकत नाही. एसएसडी वर्षानुवर्षे वीजपुरवठ्याविना पडून राहिल्यास तीतील माहिती नष्ट होऊ शकते, त्यामुळे ती अशा साठ्यासाठी योग्य मानत नाहीत. हार्ड डिस्कवरील साठा काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घेतात.

निवडीचा क्रम

यंत्रसामग्री ठरवताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो:

१. अंतिम प्रतीचे माध्यम, आकार व फ्रेमदर निश्चित करणे.
२. कॅमेऱ्याचा कोडेक, बिटदर व रंगाची खोली यांची नोंद करणे.
३. एकूण तासांवरून लागणारी जागा काढणे आणि राखीव प्रतींसाठी तिला तिनाने गुणणे.
४. मूळ फाइलवर काम करायचे की प्रॉक्सीवर, हे ठरवणे.
५. त्यानुसार डिस्कचा वेग, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड निवडणे.
६. पडदा, ध्वनिवर्धक व यूपीएस यांसाठी स्वतंत्र तरतूद ठेवणे.
७. चित्रीकरणापूर्वी एका मिनिटाचे नमुना-चित्रण करून ते संकलन, रंग, ध्वनी व अंतिम प्रत अशा सर्व टप्प्यांतून नेऊन पाहणे.

शेवटची पायरी विनाखर्चाची असूनही वगळली जाण्याची शक्यता अधिक असते. कोडेक न उघडणे, आवाजाचा मेळ सुटणे, जोडाक्षरे तुटणे यांसारखे बहुतेक दोष या एका मिनिटातच लक्षात येतात. त्या वेळी कॅमेऱ्याची मांडणी बदलणे शक्य असते. प्रयोग संपल्यावर ते शक्य राहत नाही.

हेही पाहा

चित्रपट संकलन
कोडेक
फ्रेमदर
रंगसंस्करण
भारतीय राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय
युनिकोड